‘खोल’ म्हणजे नेमकं किती खोल? नॅनोकण आणि प्रकाशोपचारावरचे पेपर वाचताना

पीएच.डी.चा विषय शोधताना ‘नॅनो’ आणि ‘कॅन्सर’ हे दोन शब्द एकत्र टाकून तुम्ही कधी सर्च केलं असेल, तर एक युक्तिवाद तुमच्या चांगलाच ओळखीचा झाला असेल. तो साधारण असा असतो. प्रकाशाने कॅन्सरच्या पेशी मारता येतात. पण दिसणारा प्रकाश शरीरात फार आत जात नाही. निअर इन्फ्रारेड प्रकाश मात्र बराच आत जातो. म्हणून असे नॅनोकण बनवू, जे आत पोचलेला इन्फ्रारेड प्रकाश शोषून घेतील आणि गाठीच्या आतच त्याचा दिसणारा प्रकाश करून देतील. झालं, खोलवरच्या गाठीवर बाहेरूनच उपचार!

हे ऐकायला इतकं सरळ आहे की शंका घ्यायला जागाच दिसत नाही. गेल्या दीड दशकात या युक्तिवादावर ढीगभर पेपर आलेत आणि अजूनही येताहेत. आज मला त्यातल्या एकाच शब्दावर बोलायचं आहे: ‘खोल’. माझं म्हणणं असं की या क्षेत्रात हा शब्द मोजमाप म्हणून कमी आणि विशेषण म्हणून जास्त वापरला जातो. पुढची चार-पाच वर्षं तुम्ही या विषयाला द्यायच्या विचारात असाल, तर हा फरक सिनॉप्सिस लिहिण्याआधी कळलेला बरा.

आधी मूळ उपचार

फोटोडायनॅमिक थेरपी, म्हणजे पीडीटी, ही कल्पना जुनी आहे. म्युनिकमध्ये हेर्मान फॉन टापायनर यांच्याकडे शिकणाऱ्या ऑस्कर राब या विद्यार्थ्याने ॲक्रिडिन रंग आणि पॅरामेशियम यांवर प्रयोग केले आणि रंगाबरोबर प्रकाश असेल तर हे एकपेशीय जीव मरतात, असं १९०० साली प्रसिद्ध केलं. कॅन्सरच्या उपचारात ही पद्धत आणण्याचं मोठं काम अमेरिकेतल्या रॉसवेल पार्क इथे थॉमस डॉगर्टी यांनी १९७० च्या दशकात केलं. त्यातूनच पुढे फोटोफ्रिन हे औषध आलं. कॅनडाने त्याला १९९३ मध्ये आणि अमेरिकेने १९९५ मध्ये मान्यता दिली.

या उपचाराला तीन गोष्टी लागतात: प्रकाशसंवेदक औषध, योग्य तरंगलांबीचा प्रकाश आणि ऑक्सिजन. औषधाचा रेणू प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो. त्यातून तयार होणारा सिंग्लेट ऑक्सिजन पेशीची नासधूस करतो. हा सिंग्लेट ऑक्सिजन फार अल्पायुषी असतो. जिथे तयार झाला तिथून पेशीच्या रुंदीइतकंही अंतर न जाता तो संपतो. उपचाराचं बळ यातच आहे, कारण जिथे प्रकाश तिथेच मारा होतो, बाकी शरीर सुटतं. आणि उपचाराची मर्यादाही हीच, कारण जिथे प्रकाश नाही तिथे काहीच होत नाही.

फोटोफ्रिन ६३० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशावर चालतं. हा प्रकाश ऊतीत काही मिलिमीटर जातो, त्यापुढे रक्त आणि ऊती त्याला शोषतात, विखुरतात. मग सरळ जास्त लांब तरंगलांबीवर चालणारं औषध का बनवत नाहीत, असं तुम्ही विचाराल. बनवतात, पण त्याला भौतिकशास्त्राची भिंत आहे. सिंग्लेट ऑक्सिजन तयार व्हायला एक किमान ऊर्जा लागते. तरंगलांबी वाढली की फोटॉनची ऊर्जा घटते. साधारण ८०० ते ८५० नॅनोमीटरच्या पुढे, मधली गळती धरता, एका फोटॉनच्या ऊर्जेत हे काम भागत नाही.

इथे अपकन्व्हर्जन करणारे नॅनोकण येतात. यातला सगळ्यात वापरला जाणारा कण म्हणजे इटर्बियम आणि अर्बियम मिसळलेलं सोडियम इट्रियम फ्लोराइड. इटर्बियम ९८० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं आणि ऊर्जा अर्बियमला देतं. अर्बियम असे दोन हप्ते जमा करून त्यांचा एक जास्त ऊर्जेचा फोटॉन बाहेर टाकतं, हिरवा किंवा लाल. कणावर लादलेलं औषध तो प्रकाश घेतं आणि पुढचं काम नेहमीसारखं सुरू होतं. कल्पना खरोखर देखणी आहे, त्यात वाद नाही.

ज्या पेपरपासून सगळे सुरुवात करतात

या विषयावरच्या बहुतेक प्रस्तावनांमध्ये २०१२ सालचा नेचर मेडिसिनमधला पेपर असतो. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या योंग झांग यांच्या गटाचा. त्यांनी अपकन्व्हर्जन कणावर सच्छिद्र सिलिकाचं आवरण चढवलं आणि त्यात दोन औषधं भरली. एक हिरव्या प्रकाशावर चालणारं, मेरोसायनिन ५४०, आणि दुसरं लाल प्रकाशावर चालणारं, झिंक थॅलोसायनिन. ९८० नॅनोमीटरचा एकच लेझर, कणातून निघणारे दोन रंग आणि दोन्ही रंगांचा वापर. एका औषधापेक्षा दोन्ही मिळून जास्त सिंग्लेट ऑक्सिजन तयार होतो आणि जास्त पेशी मरतात, हे त्यांनी दाखवलं. मग उंदरांमधल्या मेलानोमाच्या गाठींवर प्रयोग झाले, काहींमध्ये कण थेट गाठीत टोचून आणि काहींमध्ये शिरेतून देऊन. गाठींची वाढ मंदावली.

आधी या पेपरला त्याचं श्रेय देऊ. कणातला वाया जाणारा रंगही वापरात आणायचा हा विचार हुशारीचा आहे. जिवंत प्राण्यात, गाठीकडे जाणारे घटक लावलेले असे कण वापरून पीडीटी करून दाखवणारा हा पहिला प्रयोग, असं लेखक आपल्या माहितीप्रमाणे म्हणतात. मेलानोमात मेलॅनिन असतं आणि ते दिसणारा प्रकाश जोरात शोषतं. त्यामुळे त्वचेजवळची असली तरी प्रकाशाच्या दृष्टीने ही गाठ सोपी नाही, हेही मान्य करायला हवं.

आता ॲब्स्ट्रॅक्टचा शेवट वाचा. हे निष्कर्ष पुढे खोलवरच्या कॅन्सरवरच्या, शरीर न कापता करायच्या उपचारांचा पाया ठरू शकतील, अशा अर्थाचं विधान तिथे आहे. लेखकांनी ‘ठरू शकतील’ असं म्हटलंय, म्हणजे त्यांनी काळजी घेतलीय. प्रश्न त्यांच्यानंतर आलेल्यांचा आहे. ते वाक्य पुढच्या पेपरांच्या प्रस्तावनेत आलं तेव्हा त्यातली शक्यता गळून पडली आणि ‘अपकन्व्हर्जन कणांमुळे खोलवरच्या गाठींवर पीडीटी शक्य होते’ असं सिद्ध झालेलं सत्य उरलं. उंदराच्या कातडीखालची गाठ मात्र तिथेच राहिली, काही मिलिमीटरवर.

संदर्भ साखळीने वाचायची सवय इथे कामी येते. एखाद्या प्रस्तावनेत ठाम विधान दिसलं की त्याच्यापुढचा संदर्भ उघडा आणि मूळ पेपरमध्ये तेच क्रियापद आहे का ते बघा. ‘होऊ शकेल’चं ‘होतं’ कधी झालं, हे शोधणं म्हणजेच निम्मं लिटरेचर रिव्ह्यू.

आता कॅल्क्युलेटर काढा

नुसतं ‘प्रयोग उंदरावर होता’ असं म्हणून थांबलो तर ती टीका स्वस्तातली होईल. जवळपास सगळंच संशोधन उंदरापासून सुरू होतं. खरा प्रश्न असा आहे की हीच कल्पना जास्त खोलीवर नेली तर काय होईल? त्यासाठी एक ढोबळ हिशेब करू. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून घेतलेत, प्रत्येक ऊतीत ते वेगळे असतात.

समजा ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश ऊतीत दर ३ मिलिमीटरला ३७ टक्के उरतो आणि ९८० चा इन्फ्रारेड प्रकाश दर ५ मिलिमीटरला ३७ टक्के उरतो. त्वचेवर किती प्रकाश टाकता येतो यालाही मर्यादा आहे. अमेरिकेच्या एएनएसआय या सुरक्षामानकाप्रमाणे जास्त वेळ प्रकाश टाकायचा असेल तर ६६० साठी ही मर्यादा चौरस सेंटिमीटरला ०.२ वॅट आहे आणि ९८० साठी सुमारे ०.७३ वॅट.

१ सेंटिमीटर खोलीवर काय पोचतं? लाल प्रकाश साधारण ७ मिलिवॅट. इन्फ्रारेड साधारण ९८ मिलिवॅट. म्हणजे चौदापट जास्त! प्रस्तावनेत जे लिहिलेलं असतं ते इथपर्यंत अगदी खरं आहे.

पण थांबा. आपल्याला इन्फ्रारेड प्रकाश नकोय, आपल्याला त्यातून निघणारा दिसणारा प्रकाश हवाय. आणि अपकन्व्हर्जनमध्ये दोन फोटॉन आत घेतल्याशिवाय एक बाहेर पडत नाही. त्यामुळे आत येणारा प्रकाश निम्मा झाला, तर बाहेर पडणारा निम्मा न होता जवळपास पाव होतो. वर्गाच्या प्रमाणात घटतो. प्रकाश खूप तीव्र असेल तर हा नियम ढिला पडतो, पण खोलवर प्रकाश तीव्र नसतोच, त्यामुळे तिथे नियम लागू पडतो.

आता १ सेंटिमीटरवरून २ सेंटिमीटरवर जा. इन्फ्रारेड प्रकाश सुमारे ७ पटींनी घटतो. लाल प्रकाश सुमारे २८ पटींनी घटतो. आणि कणातून निघणारा प्रकाश? ७ चा वर्ग करा: सुमारे ५५ पटींनी.

हे परत एकदा वाचा. ज्या प्रकाशाने औषध चालणार आहे, तो या पद्धतीत साध्या लाल प्रकाशापेक्षाही वेगाने खोलीबरोबर घटतो. इन्फ्रारेड दर ५ मिलिमीटरला ३७ टक्के उरतो, पण वर्ग केल्यामुळे उपयोगाचा प्रकाश दर अडीच मिलिमीटरलाच तेवढा उरतो. लाल प्रकाशाला तर ३ मिलिमीटर मिळत होते. ‘जास्त खोल जाणाऱ्या प्रकाशा’चा सगळा फायदा रूपांतराच्या पायरीवर खर्च झाला.

या हिशेबात मी कणांची कार्यक्षमता अजून धरलेलीच नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेली एक मोजणी या क्षेत्रात सगळे उद्धृत करतात. १० ते १०० नॅनोमीटरच्या अशा कणांची क्वांटम यील्ड ०.००५ ते ०.३ टक्के निघाली होती. म्हणजे शोषलेल्या १००० फोटॉनमागे जास्तीत जास्त ३. तेही चौरस सेंटिमीटरला १५० वॅट इतक्या तीव्रतेला. आपल्या हिशेबात १ सेंटिमीटर खोलीवर पोचतात ०.१ वॅट, म्हणजे दीड हजार पटींनी कमी. त्यानंतर कणांवर निष्क्रिय कवच चढवून ही कार्यक्षमता बरीच वाढवली गेलीय, ती प्रगती खरी आहे. पण पेपरमध्ये क्वांटम यील्डचा आकडा दिसला की तो किती तीव्रतेला मोजलाय हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. तीव्रता न सांगता दिलेला यील्ड म्हणजे रुपये की पैसे ते न सांगता दिलेली किंमत.

आणखी एक गोष्ट. ९८० नॅनोमीटर हा पाण्याने शोषला जाणारा प्रकाश आहे आणि आपलं शरीर बरंचसं पाणीच आहे. ऊती तापतात. म्हणून २०१३ च्या सुमाराला निओडिमियम मिसळून ८०८ नॅनोमीटरवर चालणारे कण आले. तिथे पाण्याचं शोषण सुमारे वीसपटींनी कमी आहे. हा चांगला सुधार आहे. पण ८०८ साठी त्वचेची मर्यादाही ०.३३ वॅटवर येते आणि वर्गाचा नियम जिथल्या तिथेच राहतो.

मांसाच्या तुकड्याची करामत

तुम्ही म्हणाल, हिशेब राहू दे, प्रयोगात काय दिसतं? रास्त प्रश्न. २०१३ मध्ये एसीएस नॅनोमध्ये आलेल्या एका पेपरमध्ये झिंक थॅलोसायनिन लादलेल्या कणांची तुलना थेट दिसणाऱ्या प्रकाशाशी केली होती. खोल गाठींसाठीच्या त्या प्रयोगात इन्फ्रारेडने गाठीची वाढ ५० टक्क्यांपर्यंत रोखली गेली आणि नेहमीच्या दिसणाऱ्या प्रकाशाने १८ टक्के. म्हणजे माझ्या हिशेबाच्या विरुद्ध पुरावा. तो लपवून पुढे जाणं बरोबर नाही. उलट मला हा पेपर या सगळ्यात जास्त कामाचा वाटतो, कारण त्यात थेट तुलना आहे. बहुतेक ठिकाणी ‘कण आणि प्रकाश’ विरुद्ध ‘नुसता प्रकाश’, ‘नुसते कण’ आणि ‘काहीच नाही’ एवढेच गट असतात. कणांशिवाय, साध्या लाल लेझरने, तेच औषध वापरून काय झालं असतं हा गट नसतो. नसेल तर तुलना कशाशी केली?

पण तुलना असली तरी पुढचे प्रश्न उरतात. दोन्ही लेझर समान ठेवले म्हणजे काय समान ठेवलं? वॅट समान? त्वचेच्या मर्यादेच्या प्रमाणात समान? की गाठीपर्यंत पोचलेला प्रकाश समान? तिन्हींची उत्तरं वेगळी येतात. कोणती तुलना न्याय्य, हे लेखकाने आपल्याला पटवून द्यायला हवं. गृहीत धरून चालणार नाही.

आणि या क्षेत्रातली खोली बऱ्याचदा कशी तयार केलेली असते तेही बघा. उंदीर साधारण २० ते २५ ग्रॅमचा. त्याच्या शरीरात ‘खोल’ अशी जागा फारशी नसतेच. मग गाठीवर डुकराच्या मांसाचा किंवा चिकनचा चपटा तुकडा ठेवतात आणि त्यातून लेझर सोडतात. पहिल्या पायरीसाठी यात गैर काही नाही. पण या तुकड्यात वाहतं रक्त नसतं, त्यामुळे शोषण वेगळं. शिवाय एक गोष्ट मेथड्समध्ये सहसा कोणी लिहीत नाही: लेझरचा सगळ्यात जास्त मारा आणि उष्णता तो तुकडा झेलतो. उंदराची त्वचा तुकड्याच्या खाली सुरक्षित असते. रुग्णाच्या बाबतीत मात्र तो वरचा तुकडा म्हणजे रुग्णाची स्वतःची त्वचा असणार. तिच्यावर फोड आला तर तो ‘सिम्युलेटेड टिश्यू’वरचा फोड नसेल.

सुई पोचते तिथे फायबरही पोचते

आता माझा मुख्य आक्षेप. समजा प्रकाशाचा प्रश्न सुटला. कण गाठीपर्यंत पोचवायचे कसे?

टोरांटो विद्यापीठातल्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतल्या ११७ पेपरांमधला डेटा एकत्र तपासला. शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचलेल्यांचं मध्यक प्रमाण निघालं ०.७ टक्के. शंभर टोचले, एकही पूर्ण पोचला नाही. उरलेल्यांपैकी बरेचसे यकृत आणि प्लीहेत जाऊन बसतात. आपले कण तर दुर्मिळ मृदा धातूंचे, अजैव. ते शरीराबाहेर कधी आणि कसे पडणार हा प्रश्न लांबणीवर टाकून चालणारा नाही.

यावर सोपा मार्ग म्हणजे कण थेट गाठीत टोचायचे. २०१२ च्या पेपरमध्येही एका प्रयोगात तसंच केलंय. पण इथे युक्तिवाद स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो. गाठीपर्यंत सुई नेता येत असेल, तर त्याच वाटेने ऑप्टिकल फायबरही नेता येतो. आणि फायबर आत गेला की प्रकाशाला त्वचा ओलांडायची गरजच उरत नाही. मग नॅनोकण कोणतं काम करताहेत?

हे काल्पनिक नाही. प्रोस्टेट ग्रंथी शरीरात चांगली आत असते. पॅडेलिपॉर्फिन नावाचं औषध, ज्याला टूकॅड म्हणतात, ७५३ नॅनोमीटरवर चालतं. औषध शिरेतून देतात आणि प्रकाश ग्रंथीत बसवलेल्या फायबरमधून. युरोपातल्या ४१३ पुरुषांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आले. दोन वर्षांत रोग पुढे सरकलेल्यांचं प्रमाण उपचार घेतलेल्यांमध्ये २८ टक्के, तर नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्यांमध्ये ५८ टक्के होतं. युरोपमध्ये त्याला त्याच वर्षी मान्यता मिळाली. अमेरिकेत मात्र २०२० मध्ये तज्ज्ञांच्या सल्लागार समितीने विरोधात कौल दिला. तिथे वादाचा मुद्दा प्रकाश किती खोल जातो हा नव्हता. एवढ्या कमी धोक्याच्या रुग्णांना उपचाराची गरज आहे का, आणि त्यांचा खरा फायदा किती, असे ते प्रश्न होते. क्लिनिकमध्ये प्रश्न कसे बदलतात ते यातून दिसतं.

याहून बोलकं उदाहरण सोन्याच्या नॅनोशेल्सचं. ते पीडीटी नाही, फोटोथर्मल उपचार आहे: कण इन्फ्रारेड शोषून तापतात आणि गाठ जाळतात. राइस विद्यापीठातल्या नाओमी हलास आणि जेनिफर वेस्ट यांच्या कामातून हे आलं. २०१९ मध्ये पीएनएएसमध्ये प्रोस्टेटच्या १६ रुग्णांवरचे निष्कर्ष आले आणि १५ जणांमध्ये उपचार ठरल्याप्रमाणे पार पडला. आता सांगा, इन्फ्रारेडवर चालणारे हे नॅनोकण प्रत्यक्ष माणसात वापरताना प्रकाश कुठून दिला? ग्रंथीत घातलेल्या फायबरमधून. प्रयोगशाळेत ‘बाहेरून आत जाणारा प्रकाश’ म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्यालाही शेवटी सुईच्या वाटेने आत न्यावं लागलं.

पीडीटीत नॅनोकण पूर्वीच यशस्वी झालेत, ही गोष्टही सहसा सांगितली जात नाही. डोळ्याच्या पडद्याच्या विकारासाठी वापरलं जाणारं व्हर्टेपॉर्फिन, ज्याला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली, लिपोसोममध्ये भरलेलं असतं. म्हणजे स्निग्ध पदार्थाचा अतिसूक्ष्म फुगा. तो प्रकाशाचा रंग बदलत नाही, खोली वाढवत नाही. पाण्यात न विरघळणारं, गुठळ्या होणारं औषध तो नीट वाहून नेतो, एवढंच. साधं, हमालीचं काम. पण ते काम खरोखर अडलेलं होतं आणि ते झालं.

मग एक्स-रे?

या टीकेला उत्तर म्हणून हल्ली एक्स-रे पुढे केला जातो. कण असे घ्यायचे जे एक्स-रे शोषून प्रकाश देतील. वेई चेन आणि जून झांग यांनी ही कल्पना २००६ मध्ये मांडली. एक्स-रे शरीर आरपार ओलांडतो, त्यामुळे खोलीचा प्रश्न खरोखरच मिटतो. पण एक्स-रे स्वतःच पेशी मारतो आणि जड धातूंचे कण त्याचा मारा वाढवतात. मग गाठ आटली ती कणातल्या प्रकाशाने, की नुसत्या वाढलेल्या रेडिएशनने? हे ओळखायचं असेल तर ‘तेच कण, तोच एक्स-रे, पण औषधाविना’ असा गट हवाच. असा पेपर हातात आला की आकृत्यांमध्ये आधी हा गट शोधा.

सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांसाठी

हा विषयच घेऊ नका, असं मी म्हणत नाहीये. पण गाईडसमोर किंवा पेटच्या मुलाखतीत बसण्याआधी या प्रश्नांची उत्तरं स्वतःला द्या.

१. खोली मिलिमीटरमध्ये किती, आणि कोणत्या ऊतीत? ‘डीप’ हा शब्द खोडून तिथे आकडा लिहून बघा. वाक्य तरीही उभं राहतं का?

२. तुलना कशाशी आहे? तेच औषध आणि फायबरमधून दिलेला लाल प्रकाश, हा तुमचा खरा प्रतिस्पर्धी. नुसतं सलाइन टोचलेला उंदीर हा नव्हे.

३. त्वचेवर किती वॅट, किती वेळ? मानकाच्या मर्यादेत आहे का? नसेल तर तसं स्पष्ट लिहा.

४. टोचलेल्या कणांपैकी किती टक्के गाठीत आणि किती यकृतात? महिन्याभराने किती उरले?

५. ऑक्सिजन कुठून येणार? मोठ्या, खोल गाठींच्या आतल्या भागात ऑक्सिजन आधीच कमी असतो आणि पीडीटी तोच खर्च करते. प्रकाश पोचला म्हणजे उपचार पोचला असं होत नाही.

माझ्या मते खरी संधी फायबर जिथे कमी पडतो तिथे आहे. शस्त्रक्रियेनंतर मागे राहिलेला, दिसत नसलेला पातळ थर. पोटाच्या आतल्या आवरणावर विखुरलेल्या बारीक बारीक गाठी. फायबरचा प्रकाश अशा वाकड्यातिकड्या जागी सारखा पडत नाही. खोली तिथे काही मिलिमीटरच असते, पण विस्तार मोठा असतो. तिथे कणांनी काय साधेल हा प्रश्न ‘खोल गाठी’इतका आकर्षक वाटत नाही, पण त्याचं उत्तर कोणाच्या तरी कामाला येईल. दुसरी संधी मोजमापाची. उपचार चालू असताना गाठीच्या आत नेमका किती प्रकाश आणि किती ऑक्सिजन आहे, हे सांगणारा कण कोणी नीट बनवला तर तो कुठल्याही पीडीटीला उपयोगी पडेल, फायबर असो वा नसो.

एक गोष्ट शेवटी. आपल्या प्रस्तावना फक्त परीक्षक वाचत नाहीत. त्यातली वाक्यं विद्यापीठाच्या प्रसिद्धीपत्रकात जातात, तिथून बातमीत आणि बातमीतून व्हॉट्सॲपवर. टाटा मेमोरियलच्या बाहेर फूटपाथवर रिपोर्टची पिशवी सांभाळत बसलेल्या माणसाच्या फोनवर ‘आता प्रकाशाने बरा होणार कॅन्सर’ असं येतं. तो डॉक्टरांना विचारतो, साहेब, हे आपल्याकडे कधी मिळेल? त्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांना द्यावं लागतं. आपण ‘खोल’ असं लिहिलं तिथे ‘८ मिलिमीटर, उंदरात, मांसाच्या तुकड्याखाली’ असं लिहिलं असतं, तर कदाचित ती बातमी झालीच नसती.

पुढच्या वेळी या विषयावरचा पेपर उघडाल तेव्हा ॲब्स्ट्रॅक्ट सोडून आधी मेथड्समध्ये जा आणि तीन आकडे शोधून वहीत लिहा: वॅट, मिलिमीटर, मिनिटं. तिन्ही सापडले तर पुढे वाचा. एखादा सापडला नाही, तर तुमच्या जर्नल क्लबमधल्या पहिल्या प्रश्नाची सोय झाली असं समजा.